मदत हवी आहे: ठरलेल्या जागा बंद होताहेत, ४० जणांना टेबलं किती लागतील?

नमस्कार मंडळी,

आमच्या विभागात आम्ही ४० जण. पुढच्या महिन्यापासून कुणालाच स्वतःचं टेबल नसेल. सकाळी यायचं, मिळेल तिथे बसायचं, निघताना टेबल मोकळं करायचं. घडी बसवायचं काम माझ्याकडे आलंय आणि ते नीट व्हावं असं मला मनापासून वाटतं, कारण रोज तिथे बसणारी माणसं माझ्याच बरोबरची आहेत.

पहिला घोळ आकड्याचा. वरून सांगितलंय, "रोज सरासरी २४ जण येतात, २६ टेबलं पुरे." तीन आठवडे मी सकाळी ११ वाजता डोकी मोजली. सरासरी खरंच २४ निघाली! पण सोमवारी-शुक्रवारी १५ आणि मंगळवार ते गुरुवार ३०. म्हणजे आठवड्यातले तीन दिवस चार जण लॅपटॉप हातात घेऊन उभे. माझ्या मते आकडा गर्दीच्या दिवसावरून ठरायला हवा. साहेबांचं म्हणणं, बैठका सोमवारी हलवा, गर्दी आपोआप पांगेल. कुणाकडे असं खरंच पांगलंय का?

शोधताना एक जुनं उदाहरण सापडलं. शायट/डे या अमेरिकी जाहिरात कंपनीने १९९४ च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या ऑफिसातल्या ठरलेल्या जागाच काढून टाकल्या. लॅपटॉप आणि फोन रोज काउंटरवरून घ्यायचे. ते पुरेनात, म्हणून लोक लपवून ठेवायला लागले. कुणी कागदपत्रं गाडीच्या डिकीत ठेवली. काही वर्षांत कंपनी पुन्हा ठरलेल्या जागांवर आली. वाचल्यापासून मला लॉकरची काळजी लागलीय. आमच्याकडे प्रत्येकी एक लॉकर मंजूर झालाय, पण त्यात जाडजूड फाइली मावत नाहीत.

दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय. एका सहकाऱ्याला मणक्याचा त्रास आहे, त्याची खुर्ची आणि स्क्रीनची उंची मोजून बसवलेली आहे. एकीला कमी दिसतं, तिला मोठा स्क्रीन लागतो. पगाराचं काम बघणारे दोघं उघड्यावर बसूच शकत नाहीत. या चौघांची जागा पक्की ठेवायची, यावर मी ठाम आहे. (मग गर्दीच्या दिवशी ते चौघं आले नसले तरी त्यांची टेबलं दुसऱ्याला देता येणार नाहीत, तेही हिशेबात धरायला हवं.) पण सवलत म्हटली की उद्या दोन वरिष्ठही खिडकीजवळची जागा मागणार. "तब्येत किंवा कामाची गरज, हुद्दा नाही" एवढं लिहून भागतं का? आणि तब्येतीचं कारण चारचौघांत न सांगता हे कसं नोंदवता?

बुकिंगचंही विचारायचंय. अर्ध्या तासात माणूस आला नाही तर टेबल आपोआप सुटावं, असं ठेवतोय. नाहीतर आठवडाभराच्या जागा लोक आधीच अडवून ठेवतील.

आणि नवीन मुलं! आमच्याकडे एक मुलगी तीन महिन्यांपूर्वी लागली. शेजारच्या ताईंना विचारत विचारत ती काम शिकतेय. रोज शेजारी बदलला तर ती कुणाला विचारेल? म्हणून प्रत्येक टीमला एक कोपरा द्यायचा आणि त्या कोपऱ्यात कुठेही बसा, असा माझा विचार आहे. ज्यांनी असे कोपरे केलेत त्यांनी कृपया सांगा: एका टीमचा कोपरा भरला की तुम्ही जास्तीच्या माणसांना कुठे बसवता?