विषय: ऑस्टिनची सहल आणि स्पॅमचा डबा

सहल समितीकडून:

सर्वांना नमस्कार. यंदाच्या उन्हाळी सहलीसाठी ऑस्टिनचं स्पॅम म्युझियम सुचवलं गेलं आहे (टेक्सासचं ऑस्टिन नव्हे, आपल्याच मिनेसोटातलं). प्रवेश फुकट आहे, मिनियापोलिसहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येतं. पण दोन-तीन घरांतून विचारणा आली की स्पॅम म्हणजे डबाबंद डुकराचं मांस, त्यात मुलांना दाखवण्यासारखं काय आहे? मतं कळवावीत.

रॉचेस्टरहून:

जरूर न्या. आमचं घर शाकाहारी आहे, तरी आम्ही मुलांना घेऊन येणार.

ऑस्टिनच्याच होर्मेल कंपनीने स्पॅम 1937 मध्ये बाजारात आणलं. डुकराच्या खांद्याचं मांस तेव्हा पडून राहायचं. हाडापासून सोडवायला वेळ लागे आणि मांडीच्या मांसाइतका, म्हणजे हॅमइतका, भाव मिळत नसे. ते हॅमबरोबर बारीक करून त्यात मीठ, साखर, पाणी आणि सोडियम नायट्राइट घालायचं, डब्यात भरून डबा बंद करायचा आणि मग डब्यासकट शिजवायचा. आधी बंद करायचं आणि नंतर शिजवायचं, या क्रमातच सगळं आलं. आतले जंतू उष्णतेने मरतात, बाहेरचे आत शिरू शकत नाहीत, म्हणून बारा औंसांचा हा डबा फ्रिजशिवाय वर्षानुवर्षं टिकतो. मांस गुलाबी राहतं ते नायट्राइटमुळे. मुलांना विज्ञानाचा एवढा चांगला धडा हातात धरून कुठे बघायला मिळेल?

मग महायुद्ध आलं आणि अमेरिकी सैन्य जाईल तिथे हे डबे गेले. ब्रिटन आणि रशियालाही मदत म्हणून पाठवले गेले. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी पुढे मान्य केलं की स्पॅम नसतं तर लाल सैन्याला खाऊ घालणं जमलं नसतं. ब्रिटनमध्ये तर युद्ध संपल्यावरही मांसाचं रेशनिंग 1954 पर्यंत चाललं.

मला सगळ्यात जास्त भावते ती हवाईची गोष्ट. तिथल्या जपानी वंशाच्या कोळ्यांवर युद्धकाळात संशयापोटी समुद्रात जाण्यावर निर्बंध आले. कोळीच घरी बसले म्हटल्यावर ताजी मासळी कमी झाली, आणि डबे मात्र मुबलक होते. भाताचा मुटका आणि त्याला गुंडाळलेलं समुद्री शेवाळ, म्हणजे नोरी, ही जपानी घरांची जुनी पद्धत होतीच. त्या भातावर सोया सॉस आणि साखरेत परतलेला स्पॅमचा काप बसला की झाली मुसुबी. आज ती हवाईत पेट्रोल पंपावरच्या दुकानातही गरम गरम मिळते, आणि तिथल्या मॅकडॉनल्ड्समध्ये नाश्त्याला स्पॅम, अंडं आणि भात असतो. वर्षाला सुमारे 70 लाख डबे ही छोटीशी बेटं संपवतात. ज्यांच्यावर संशय घेतला गेला त्यांच्याच स्वयंपाकघरातून सगळ्या बेटांचा आवडता पदार्थ निघाला, हे मुलांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मिनियापोलिसहून, काकांकडून:

मुलांना नेताय तर ऑस्टिनच्या कामगारांबद्दलही सांगा. मी या राज्यात आलो तेव्हा पेपरात रोज त्याच बातम्या असायच्या. होर्मेलने मजुरी तासाला 10.69 डॉलरवरून 8.25 वर आणली आणि ऑगस्ट 1985 मध्ये सुमारे 1500 कामगार संपावर गेले. जानेवारी 1986 मध्ये गव्हर्नरांनी नॅशनल गार्ड बोलावलं. कामगारांच्या स्वतःच्या वरिष्ठ युनियननेच स्थानिक शाखेचा कारभार काढून घेतला, आणि संप मोडल्यावर शेकडो जणांना जुनी नोकरी परत मिळाली नाही. गाव दुभंगलं. एकाच घरातला एक भाऊ संपावर आणि दुसरा कामावर, अशी वेळ आली. याच कारखान्यात 1933 मध्ये कामगारांनी ठिय्या देऊन आपल्या मागण्या मान्य करून घेतल्या होत्या, म्हणून तर 1985 चा पराभव त्यांना इतका लागला. मुंबईच्या गिरणी संपाची झळ ज्यांच्या घराला लागली आहे त्यांना यापुढे काही सांगायला नको.

सेंट पॉलहून:

काका, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मुलांना गाडीत मी सांगेन.

आम्ही काही वर्षं सोलमध्ये होतो. तिथे चुसॉकच्या सणाला स्पॅमच्या डब्यांचा संच सुंदर खोक्यात घालून भेट देतात, आणि घेणाऱ्याला खरोखर आनंद होतो. अमेरिकेखालोखाल स्पॅम खपतं ते दक्षिण कोरियातच. याचं मूळ कोरियन युद्धानंतरच्या उपासमारीत आहे. मांस मिळत नव्हतं, आणि अमेरिकी तळांवरून जे बाहेर पडेल, कधी चोरून विकलेलं तर कधी ताटात उरलेलं, ते लोक किमची (आंबवलेला कोबी) आणि तिखटाबरोबर उकळत. त्यातून बुदे जिगे झालं. बुदे म्हणजे लष्करी तुकडी, जिगे म्हणजे रस्सा. उइजॉन्ग्बू या छावणीच्या गावात त्याच्या खानावळींची अख्खी गल्ली आहे. तिथे आजी आणि नातू एका पातेल्यातून जेवताना पाहिले आहेत. आजींना त्या चवीत काय काय आठवत असेल!

चवीचं म्हणाल तर मी मालवणची, मला ती पहिल्या घासाला कळली. गरम, अळणी भाताबरोबर सुकटीचं जे काम, तेच याचं: खारट, थोडंसं पुरे, आणि वर चरबीचा खमंगपणा. डब्यातून काढून तसंच खाल्लं तर मात्र मऊ आणि नुसतं खारट लागतं, मग लोक नावं ठेवतात. पातळ काप करा, तेल न घालता तव्यावर दोन्ही बाजूंनी चांगले तांबूस होऊ द्या. मीठ भरपूर असतं, त्यामुळे रक्तदाब असलेल्यांनी बेतानेच खावं.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी बुदे जिगे: पसरट पातेल्यात स्पॅमचे काप, आंबलेली किमची, कांदा, टोफू आणि शिजवलेले थोडे राजमे मांडा. कोरियन लाल मिरचीची पेस्ट आणि लसूण घालून पाणी ओता आणि उकळी येऊ द्या. मीठ अजिबात घालू नका. इन्स्टंट नूडल्स अगदी शेवटी, सगळे पानावर बसल्यावरच टाका, नाहीतर रस्सा शिल्लक राहत नाही.