आईचं केमो चालू आहे आणि बीपी माझं वाढलंय, हे टेन्शनने होतं का?

रोजचं_जागरण
आईला ओव्हरीचा कॅन्सर आहे, केमोची चौथी सायकल झाली. औषधं, रिपोर्ट, रात्रीचं उठणं सगळं मीच बघते, भाऊ लांब असतो, तो रोज फोन करतो. गेल्या दोन-तीन महिन्यांत मला काय होतंय तेच कळेना, डोकं सतत जड, अ‍ॅसिडिटी, पाळी मागेपुढे, सर्दी झाली की पंधरा पंधरा दिवस हटत नाही, आणि परवा आईचं बीपी घेतलं तेव्हा सहज माझंही बघितलं तर 150/96. वय 41, आधी कधीच त्रास नव्हता. हे टेन्शनमुळे की वेगळंच काही? आईच्या अपॉइंटमेंटमध्ये स्वतःचं विचारायला लाज वाटते, ती एवढं सोसतेय आणि मी डोकेदुखीचं रडगाणं काय गाणार.

वॉर्डातली
ताई, हे रडगाणं नाही. मी कॅन्सर वॉर्डात नर्स आहे, पेशंटच्या उशाशी बसणारं माणूस महिन्यागणिक कसं खंगत जातं ते रोज बघते. धोका जाणवला की अंगात अ‍ॅड्रिनलीन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची हार्मोन्स वाढतात, नाडी पळते, बीपी चढतं, रक्तात साखर येते. तासाभरापुरतं असेल तर शरीर निभावून नेतं, पण इथे काळजी महिनोन्‌महिने घरातच मुक्कामाला आहे आणि वर झोप नाही. मग प्रतिकारशक्तीवरही परिणाम होतो. 1995 मध्ये अमेरिकेत डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृती जाण्याच्या आजाराच्या, पेशंटला सांभाळणाऱ्या बायकांच्या हातावर मुद्दाम साडेतीन मिलिमीटरची जखम करून बघितली, ती भरायला इतरांपेक्षा सरासरी 9 दिवस जास्त लागले. आणि कॅन्सर पेशंटच्या नवरा-बायकोंवर स्वीडनमध्ये अभ्यास झाला, 2012 चा, त्यात हार्टचा आजार आणि स्ट्रोक दोन्हीचा धोका वाढलेला दिसला.
पण सगळं टेन्शनवर ढकलून गप्प बसू नका. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं शांत बसून बीपी घ्या, लिहून ठेवा आणि स्वतःच्या नावाने वेगळी अपॉइंटमेंट घेऊन दाखवा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, शुगर पण तपासायला सांगतील बहुतेक. छातीत दुखलं किंवा दम लागला तर मात्र थांबायचं नाही, लगेच जायचं.

शुगरवाला
माझी चूक सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही. बायकोचं केमो चालू होतं तेव्हा तिची एक गोळी इकडची तिकडे होऊ दिली नाही मी, आणि माझी शुगरची गोळी आठवड्यातले चार दिवस राहून जायची, जेवण उभ्या उभ्या, झोप तीन-चार तास. सहा महिन्यांनी शुगर भलतीच वाढलेली निघाली आणि वर नागीण झाली पाठीवर. नागिणीच्या फोडांतून तिला इन्फेक्शन होऊ शकतं, केमोमुळे तिच्या पांढऱ्या पेशी आधीच कमी, म्हणून डॉक्टरांनी फोड वाळेपर्यंत तिच्या खोलीतच जायचं नाही सांगितलं. जिच्यासाठी स्वतःकडे बघत नव्हतो तिच्यापासूनच बारा दिवस लांब राहिलो, दाराबाहेरून बोलायचो. अजून आठवलं की वाईट वाटतं.

मधली_सून
भाऊ रोज फोन करतो ना, मग त्याला 'ये' असं नुसतं म्हणू नका, तारीख द्या. पुढच्या सायकलनंतरच्या चार रात्री तू आईजवळ, मी दुसऱ्या खोलीत दार लावून झोपणार, असं सरळ सांगा. सासऱ्यांच्या वेळी आम्ही रात्री वाटून घेतल्या तेव्हा कुठे माझी डोकेदुखी थांबली, गोळ्यांनी थांबत नव्हती. आणि आईंना उठवताना कमरेत वाकून ओढू नका, नर्सकडून नीट शिकून घ्या, माझी पाठ त्यातच गेली.

रोजचं_जागरण
वाचताना रडूच आलं, थँक्यू सगळ्यांना. आज सकाळी 144/92 होतं, लिहून ठेवलंय, सोमवारची अपॉइंटमेंट घेतली, माझ्या नावाने. भाऊ गुरुवारी येतोय. वॉर्डातली ताई, एक विचारू का, फ्लूची लस आम्ही दोघींनी एकदमच घेतली तर चालेल?

वॉर्डातली
तुम्ही घ्या, घरातल्या सगळ्यांनीच घ्यावी. आईंची मात्र केमोच्या तारखा बघून ऑन्कोलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, विचारूनच. आणि सोमवारी काय म्हणाले ते इथे नक्की कळवा, वाट बघते.