४×५ (इंची फिल्मचा मोठा कॅमेरा) घ्यायचाय: जुना लाकडी कॅमेरा, लेन्स, फिल्म... सुरुवात कुठून करू?

गोदाकाठचा_पोरगा

नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसता वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी नाशिकचा, चार-पाच वर्षं ३५ एमएम ब्लॅक अँड व्हाईट करतोय, डी-७६ डेव्हलपरमध्ये घरीच धुतो (बाथरूममध्ये, आईच्या शिव्या खात). आता ४×५ चं खूळ डोक्यात शिरलंय आणि त्याला कारणीभूत सिन्नरचं गोंदेश्वर. कितीदा गेलो तरी तेच, कळस फ्रेममध्ये घ्यायला कॅमेरा वर केला की अख्खं देऊळ मागे कलंडल्यासारखं दिसतं, आणि लांब गेलो तर दगडावरचं काम ३५ च्या निगेटिव्हमध्ये पार पिठासारखं होतं. मोठ्या कॅमेऱ्यात लेन्स नुसती वर सरकवून हे सुटतं असं वाचलंय.

तर सध्या समोर तीन गोष्टी आहेत. एक, जुन्या बाजारात एकाकडे सागवानी घडीचा कॅमेरा आहे, पितळी कड्या, लाल भाता, वागेश्वरी अशी पट्टी, दिसायला काय देखणा आहे म्हणून सांगू! तो १८ हजार म्हणतोय लेन्ससकट, शटर नाही, टोपी काढायची आणि लावायची. हाफ प्लेट आहे म्हणाला, "फिल्म बसते की साहेब, कापून". दोन, मुंबईत एक जाहिरातीचा स्टुडिओ बंद होतोय, त्यांचा सिनार एफ२ मोनोरेल (एका दांडीवर सरकणारा कॅमेरा). तीन, नवीन इंट्रेपिड (हलका घडीचा ४×५ कॅमेरा) मागवणे. सगळं मिळून बजेट ८० हजार, त्यात फिल्मही आली. फिल्म म्हणाल तर थेट एक्टाक्रोमच (रंगीत स्लाईड फिल्म) घ्यावी असं मनात आहे, एवढा मोठा कॅमेरा आणि काळंपांढरं कशाला.

भाताभाकरी

पहिलं म्हणजे एक्टाक्रोम डोक्यातून काढून टाक. स्लाईड फिल्मला एक्सपोजरमध्ये अर्धा-पाऊण स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) चूकसुद्धा खपत नाही, आणि तू पहिल्या वीस शीट्समध्ये (फिल्मचे सुटे तुकडे) काय काय चुका करणारेस ते मला आत्ताच दिसतंय :) मी केल्यात म्हणून सांगतो. फोकस करायला शटर उघडं ठेवलं आणि ते बंद न करताच फिल्मच्या होल्डरची स्लाईड (फिल्म झाकणारी सरकती पट्टी) ओढली. एकाच शीटवर दोन फोटो. फिल्म उलटी भरली. एकदा तर होल्डर रिकामाच होता, त्र्यंबकच्या पलीकडे डोंगर चढून जाऊन रिकाम्या होल्डरचा फोटो काढून आलो. काळ्यापांढऱ्याचं एक शीट वाया गेलं की एका थाळीचे पैसे गेले समज, रंगीत गेलं की सहकुटुंब थाळीचे.

कॅमेऱ्याबद्दल. लार्ज फॉरमॅटमध्ये कॅमेरा म्हणजे पुढे लेन्सची पाटी, मागे फिल्मची पाटी आणि मधे अंधार, बस. फोटो लेन्स काढते आणि फिल्म काढते, त्यामुळे पैसे लेन्सवर, होल्डरवर आणि फिल्मवर घाल, कॅमेरा उभा राहिला आणि हलला नाही म्हणजे झालं. सिनार एफ२ यंत्र म्हणून अप्रतिम, स्टुडिओत त्याला तोड नाही, पण तीन-साडेतीन किलोचा आणि त्याचा रेल सॅकमध्ये कसाही ठेवला तरी पाठीत घुसतो. तू एसटीने फिरणार ना? मग नको.

लेन्स एकच घे, १५० एमएम एफ/५.६. श्नायडर सिम्मार-एस, रोडेनस्टॉक सिरोनार-एन, निक्कोर-डब्ल्यू, फुजिनॉन-डब्ल्यू, चारातली जी चांगल्या शटरमध्ये मिळेल ती, फरक शोधत बसू नकोस. ४×५ चा कर्ण साधारण १५३ एमएम आणि सिम्मार-एस १५० चं इमेज सर्कल (लेन्स जेवढ्या गोलात चित्र पाडते तो) एफ/२२ ला २१० एमएम, म्हणजे लेन्स तीनेक सेंटीमीटर वर सरकवली तरी कोपरे काळे होत नाहीत. गोंदेश्वरचं आवार मोकळं आहे, मागे सरायला जागा आहे, १५० मध्ये आरामात बसतं. ९० एमएम गाभाऱ्यासाठी लागेल, पण ती पुढच्या वर्षी.

आणि हो, ते पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, ट्रायपॉडसाठी परवानगी लागते, आधी अर्ज कर नाहीतर एवढं लटांबर घेऊन जाशील आणि गेटवरून परत येशील.

हायपोकाका

धागा वाचून जुने दिवस आठवले म्हणून लिहितोय, लांबलं तर वरवर चाळा. साताऱ्याला आमच्या वडिलांचा स्टुडिओ होता, मी शाळेत असल्यापासून डार्करूममध्ये. वागेश्वरी आमच्याकडेही होता, केरळात अलेप्पीला बनायचे ते, त्या काळात बऱ्याच स्टुडिओत असायचे. शाळांचे ग्रुप फोटो त्यावरच. काळ्या कापडात डोकं घालायचं, काचेवर मुलं उलटी लटकलेली दिसायची, मग "हलू नका रेऽ" म्हणत टोपी काढायची, मनात एक-दोन मोजायचं, टोपी परत. तरी एखादं कार्टं हलायचंच आणि त्याला दोन डोकी यायची.

पण बाळा, १८ हजाराला तो घेऊ नकोस. हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच, त्या मापाची फिल्म दुकानात सहज मिळत नाही. शिवाय त्याचे होल्डर काचेच्या प्लेटसाठी केलेले, त्यात नुसती फिल्म ठेवली की ती पोट काढून बसते, पत्र्याची पातळ चौकट घालावी लागते, आणि तुझे आधुनिक ४×५ चे होल्डर त्याला मागून लागणार नाहीत. एखादा चांगला सुतार गाठून मागची पाटी करून घेता येईल म्हणा, पण फोकसची काच आणि फिल्म दोन्ही अगदी एकाच अंतरावर यायला हवीत, केसभर फरक पडला तरी काचेवर सगळं धारदार आणि फोटोत मऊ. तेव्हा आवडला असेल तर दिवाणखान्यात ठेवायला घे, पण मग पाच हजाराच्या वर जाऊ नकोस.

एक युक्ती मात्र सांगतो. हात बसवायला एक्सरे फिल्म वाप्र. ग्रीन सेन्सिटिव्ह, ८×१० इंचाची, वैद्यकीय सामानाच्या दुकानात विचार. आता सगळीकडे डिजिटल झालंय म्हणून धुंडाळावं लागतं, आणि ड्राय प्रिंटरची फिल्म गळ्यात मारतील ती घ्यायची नाही, टाकीत धुवायचीच हवी असं स्पष्ट सांग. एका शीटचे चार तुकडे होतात, फक्त बरोब्बर चार केले तर होल्डरमध्ये अडकतात, दोन्ही बाजूंनी मिलिमीटरभर तासून घ्यायचं. हिला लाल रंग दिसत नाही, त्यामुळे लाल दिव्यात कापता येते, भरता येते, आणि ट्रेमध्ये चित्र उमटताना डोळ्याने बघता येतं. मी तिचा ५० स्पीड (आयएसओ) धरून चालतो. दोष एकच, मसाला (उजेड पकडणारा थर) दोन्ही बाजूंना असतो आणि ओला असताना सायीसारखा मऊ, नख लागलं की ओरखडा. ट्रेच्या तळाला काच घाल आणि एका वेळी एकच शीट धू.

भाताभाकरी

काका, "वाप्र" नाही "वापर" :) बाकी एक्सरेशी शंभर टक्के सहमत, फक्त त्यात आकाश पांढरं फटक येतं आणि लाल माती काळी, ते लक्षात ठेवून वापरावं.

लीड्सची_ताई

मी पाच वर्षं इंट्रेपिड वापरतेय, ब्रायटनमध्ये बनतो, प्लायवूडचा, साधारण सव्वा किलो. खरं सांगायचं तर लिनहॉफ कॅमेऱ्यासारखा घट्ट नाही, वारा सुटला की मी छत्री धरून उभी राहते आणि नवरा वैतागतो, पण सॅकमध्ये घातलाय हे विसरायला होतं. लेन्सबोर्ड (लेन्स बसवायची पाटी) लिनहॉफ-विस्टा पद्धतीचा लागतो, १५० बहुतेक कोपल झिरो शटरमध्ये येते तेव्हा भोक ३४.६ एमएमचं सांगून घे. सेकंडहँड लेन्स घेताना काच सगळे बघतात, शटर कोणी बघत नाही. विकणाऱ्याला एक सेकंदावर चालवून व्हिडिओ पाठवायला सांग, आवाज मधे अडखळला तर आत तेल सुकलंय. आणि आपल्याकडच्या दमट हवेत राहिलेली लेन्स टॉर्च मारून तपास, बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. बाहेरून मागवत असशील तर कस्टमचा हिशोब ८० हजारात आधीच धर.

फिल्ममध्ये माझं मत इलफर्डची काळीपांढरी एफपी४ प्लस, २५ शीट्सचा बॉक्स. फोमापान १०० स्वस्त आहे आणि उन्हात सुंदरच आहे पण तुला अंधाऱ्या मंडपात जायचंय ना, तिथे ती रडवते, लांब एक्सपोजरला फिल्म मंदावते म्हणून वेळ वाढवावा लागतो. मीटरने १० सेकंद सांगितले तर फोमाच्या स्वतःच्या तक्त्याप्रमाणे ८० सेकंद द्यावे लागतात, एफपी४ ला साधारण १८ सेकंदांत भागतं. ८० सेकंद गाभाऱ्यात कोणी मधे येणार नाही अशी वेळ नाशिक जिल्ह्यात कुठे मिळते ते मलाही कळव.

कोणी परदेशातून आणून देणार असेल तर चेक-इन बॅगेत टाकू देऊ नकोस, आणि नव्या सीटी स्कॅनरमधूनही जाऊ देऊ नये, हाताने तपासा म्हणायचं. पण शीट फिल्मची वेगळीच भीती असते, रोलसारखं वेष्टण नाही, डब्याचं झाकण उघडलं की २५ च्या २५ गेल्या. एका विमानतळावर एका भल्या माणसाने "आत काय आहे बघू" म्हणून झाकणाला हात घातला तेव्हा मी अक्षरशः किंचाळले. तेव्हापासून चेंजिंग बॅग (आत उजेड न जाणारी, हात घालायची पिशवी) सोबत ठेवते, बघायचंय तर यात हात घालून बघा.

गोदाकाठचा_पोरगा

बाप रे, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. वागेश्वरीवर पाणी सोडलं (मन दुखलं). इंट्रेपिड आणि १५० नक्की. अंधारात फिल्मची मसाल्याची बाजू कशी ओळखायची? आणि इथे उन्हाळ्यात नळाला २९-३० डिग्रीचं पाणी येतं त्याचं काय?

भाताभाकरी

शीटच्या एका कोपऱ्याला खाचा असतात. शीट उभं धर, खाचा वरच्या कडेला उजव्या हाताकडे आल्या की मसाला तुझ्याकडे. एक शीट बळी दे आणि उजेडात डोळे मिटून पन्नास वेळा भर. होल्डरच्या दोन्ही बाजूच्या पट्ट्यांखाली गेलं की ते सुळकन सरकतं, एकाच पट्टीखाली गेलं असेल तर मधेच खरखरतं, बोटांना कळायला लागतं. स्लाईडची पांढरी बाजू बाहेर म्हणजे कोरी फिल्म, काळी बाहेर म्हणजे वापरलेली, हे बायबल आहे.

पाण्याचं सोपं आहे, बर्फाच्या घमेल्यात डेव्हलपरची बाटली ठेव, २० ला आण. नाहीच जमलं तर २४ पर्यंत वेळ कमी करून चालतं, त्यावर नको. टाकी नवीन घेऊ नकोस, पॅटरसनच्या टाकीत शीट गोल वळवून केसांचा रबर लावून चार बसतात. एक्सरे मात्र त्यात नको, मागचा मसाला भिंतीला घासतो.

गोदाकाठचा_पोरगा (अडीच महिन्यांनी)

धागा वर काढतोय. परवानगी मिळाली, परवा सकाळी सातला गोंदेश्वर. चार शीट्स एफपी४. एक उलटी भरलेली. एक हलली (वारा, छत्री नव्हती). एक, मंडळी, एक अशी आलीय की कळस सरळसोट उभा आहे आणि भिंगाखाली पाहिलं तर दगडाच्या सांध्यातलं गवत मोजता येतंय, आईनेसुद्धा शिव्या न देता बघितली. चौथीवर मात्र एका कडेने आत शिरणारा काळा पट्टा आलाय, मागच्या आठवड्यात एक्सरे फिल्मवरही अगदी तस्साच होता. भात्याला भोक असेल का?

हायपोकाका

अभिनंदन रे! भात्याला भोक असतं तर चारही शीटवर आलं असतं. एकाच होल्डरची स्लाईड जिथून आत जाते तिथली मखमल झिजली असणार, ऊन तिथून शिरतंय. तो होल्डर बाजूला काढ. कुठल्या नंबरचा होता?

गोदाकाठचा_पोरगा

होल्डरला नंबर घालायचे असतात?? 🙈