संगणकाच्या कामासाठी ‘ब्लू कट’ चष्मा घ्यावा का?

मुद्रितवाचक
नमस्कार. मी मुद्रितशोधन करतो आणि दिवसाचा बहुतेक वेळ संगणकापुढे जातो. वय ४३, दूरचा नंबर उणे दीड. संध्याकाळी डोळे चुरचुरतात, कपाळ जड होते आणि रात्री झोपही उशिरा लागते. चष्म्याच्या दुकानात मला ‘ब्लू कट’, म्हणजे निळा प्रकाश गाळणारी, भिंगे सुचवण्यात आली. लेझरचा जांभळट किरण साध्या भिंगातून आरपार जातो आणि त्या भिंगापाशी अडतो, हे प्रात्यक्षिकही दाखवले. जादा पैसे द्यावेत का, आणि द्यायचे तर निवड कशी करावी?

भिंगवाला
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे आणि अशी भिंगे स्वतः विकतो, तरीही तुमच्या तक्रारींसाठी ती सुचवणार नाही. त्या प्रात्यक्षिकातल्या लेझरची तरंगलांबी (प्रकाशाचा रंग जिच्यावर ठरतो ती) बहुधा ४०५ नॅनोमीटरच्या आसपास असते, तर एलईडी पडद्याच्या निळ्या प्रकाशाचा जोर ४५० नॅनोमीटरच्या जवळपास असतो. त्यामुळे लेझर अडला म्हणून पडद्याचा प्रकाशही तेवढाच अडतो, असे अनुमान काढता येत नाही. जवळजवळ पारदर्शक दिसणारी ही भिंगे साधारणतः निळ्या प्रकाशाचा १० ते २५ टक्के भागच गाळतात. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा संगणकामुळे येणारा डोळ्यांचा ताण अल्पावधीत तरी या भिंगांमुळे कमी होत असल्याचे दिसले नाही. ब्रिटनमध्ये तर बूट्स ऑप्टिशियन्स या चष्मा विकणाऱ्या कंपनीला अशा भिंगांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल २०१७ मध्ये ४०,००० पौंडांचा दंड झाला होता.

चुरचुरण्याचे कारण बहुधा कोरडेपणा असावे, कारण पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप बरीच कमी होते. कपाळ जड होण्यामागे मात्र मला चाळिशीचा संशय येतो. तुमचा नंबर उणे दीड आहे, म्हणजे तिरका नंबर नसेल तर चष्मा काढल्यावर सुमारे ६५ सेंटिमीटरवरची अक्षरे तुम्हाला स्वच्छ दिसायला हवीत, आणि पडदा बहुतेकांचा तेवढ्याच अंतरावर असतो. दूरचा चष्मा लावून दिवसभर तिथे पाहिल्याने डोळ्यांना विनाकारण जोर लावावा लागत असेल. एखादा दिवस चष्म्याशिवाय काम करून पाहा. यात खर्च काहीच नाही.

रात्रपाळी
झोपेचा मुद्दा वेगळा आहे. शरीराला दिवस-रात्रीची जाणीव करून देणाऱ्या डोळ्यातील पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात, आणि तो भाग खऱ्या अर्थाने अडवायचा तर भिंग गडद पिवळे किंवा नारिंगी हवे. मी तसा चष्मा वापरतो, पण त्यातून रंग इतके बदलतात की छायाचित्रांचे किंवा मुखपृष्ठाचे काम अशक्य होते आणि घरचे हसतात ते निराळेच. झोपेला त्याचा उपयोग झाला असे मी ठामपणे म्हणणार नाही, कारण त्याच सुमारास मी खोलीतला मोठा दिवाही मालवू लागलो होतो. तुम्ही आधी पडद्याची प्रखरता कमी करून पाहावी.

मुद्रितवाचक
दोघांचेही आभार. चष्मा काढून काम करून पाहिले. कपाळाचा त्रास निश्चितच कमी झाला, परंतु टेबलावरचे छापील मुद्रित वाचताना अडखळायला होते. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दूरचा, मधला आणि जवळचा नंबर एकातच असलेली, भिंगे घ्यावीत का?

भिंगवाला
सर्वसाधारण प्रोग्रेसिव्हमध्ये पडद्याच्या अंतराचा पट्टा अरुंद असतो आणि तो सापडावा म्हणून हनुवटी वर करून बसावे लागते, त्यामुळे मान दुखू लागते. तुमच्यासारख्या कामाला ‘ऑफिस’ प्रकारची भिंगे सोयीची, कारण त्यांत पडदा आणि कागद या दोन्ही अंतरांना भरपूर जागा दिलेली असते. मात्र ती लावून गाडी चालवू नये. तपासणीला जाताना डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे आणि कागदापर्यंतचे अंतर पट्टीने मोजून न्या आणि नंबर त्या अंतरांसाठी काढायला सांगा. जादा पैसे खर्चायचेच असतील तर चांगल्या अँटिग्लेअर (चकाकी कमी करणाऱ्या) लेपावर खर्चा. चुरचुरणे तरीही थांबले नाही, तर थेंब मनाने आणून घालू नका. नेत्रतज्ज्ञाकडून कोरडेपणाची तपासणी करून घ्या.