३६ एचपीच्या जुन्या ट्रॅक्टरला जुना चौकोनी बेलर जोडावा का?

खलाटीकर, पेण
आमच्या खलाटीत, म्हणजे खाडीकाठच्या सखल भातशेतीत, भातकापणी आता बहुतेक हार्वेस्टरने होते. पेंढा शेतातच ओळीने पडून राहतो. गोळा करायला माणूस मिळत नाही, घरटी गुरंही एखाद-दुसरंच उरलंय, मग शेवटी काडी लावतात. इकडे चारा डोळ्यांदेखत जळतो आणि तिकडे मुंबई-वसईचे तबेलेवाले पेंढा विकत घेतात. मला ते बघवत नाही.

पंजाबातून आलेला एक जुना चौकोनी बेलर (ओळीतला पेंढा उचलून दाबून गठ्ठे बांधणारं यंत्र) विकाऊ आहे, दोन सुतळ्यांचा. माझा ट्रॅक्टर मॅसी १०३५, १९९८ चा, ३६ एचपी, सिंगल क्लच. इंजिनाचं काम दोन वर्षांपूर्वीच केलंय. विकणारा म्हणतो, ४५ एचपीशिवाय जोडू नका. माझं मत वेगळं आहे. पीटीओला (यंत्र फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला) तीसेक एचपी तरी मिळते, पेंढा हलका, शेत सपाट. लो पहिल्या गिअरात सावकाश ओढला तर का चालू नये? मी घ्यायच्या बाजूने आहे. ज्यांनी चालवलाय त्यांनी बोला.

गॅरेजवाला, रोहा
नका घेऊ. एचपी थोडी कमी आहे, त्यावर वाट निघते. घोडं अडतं ते क्लचवर.

बेलरचं फ्लायव्हील, म्हणजे फिरता जोर साठवणारं चाक, जड असतं. आतला प्लंजर, म्हणजे पेंढा ठोकून दाबणारा दट्ट्या, मिनिटाला ऐंशी-नव्वद ठोसे मारतो आणि त्या ठोशांचा झटका हे फ्लायव्हील पचवतं. आता समोर पेंढ्याचा ढीग आला समजा. ड्युअल क्लच असला तर अर्धा पाय दाबला की चाकं थांबतात, पीटीओ फिरत राहतो, बेलर तोंडातला घास गिळतो, मग तुम्ही पुढे जाता. सिंगल क्लचवर पाय दाबला की इंजिनाचा जोर दोन्हीकडचा सुटतो. बेलर तोंड भरलेलं असतानाच थांबतो आणि तसाच पुन्हा चालू करायला गेलात की शिअर बोल्ट (जोर जास्त झाला की यंत्र वाचवायला आधी तुटणारा बोल्ट) तुटतो.

त्याहून वाईट गोष्ट अशी, की फिरतं फ्लायव्हील पीटीओमधून गिअरबॉक्सला उलटा रेटा देतं. तुमचा पाय क्लचवर दाबलेला असतो आणि ट्रॅक्टर तरी पुढे सरकत राहतो. समोर बांध असेल किंवा माणूस असेल. गवत कापायचा स्लॅशर जोडलेला एक ट्रॅक्टर असाच बांधावरून खाली गेला होता, तो मी माझ्या हाताने दुरुस्त केलाय. चालवणारा पोरगा वाचला म्हणून आज हे सांगतोय.

गवतवाला, वाडा
गॅरेजवाले दादा, तुम्ही सांगितलेला धोका खरा आहे, पण त्यावर इलाज आहे. पीटीओच्या दांड्यावर ओव्हररनिंग क्लच बसवायचा. सायकलच्या फ्रीव्हीलसारखं त्याचं काम. जोर ट्रॅक्टरकडून बेलरकडे जातो, उलट येत नाही. मी चार हंगाम ३५ एचपीवर, सिंगल क्लचवरच माळाचं गवत बांधलंय.

खलाटीकर, ढीग दिसला की क्लच दाबा, गिअर न्यूट्रलला आणा आणि लगेच क्लच सोडा. चाकं उभी राहतात, पीटीओ पुन्हा धरतो, तोवर फ्लायव्हील फारसं मंदावलेलं नसतं. घास संपला की पुढे चला. हात बसायला दोन दिवस लागतात. गठ्ठ्याचा दाब सैल ठेवा, दहा-बारा किलोचा गठ्ठा बांधा, वीस किलोचा हव्यास नको. आणि डिझेल वाचवायला रेस कमी करू नका. पीटीओ ५४० फेऱ्यांच्या खाली आला की फ्लायव्हीलमधला जोर उतरतो आणि सगळा झटका तुमच्या गिअरबॉक्सवर येतो. फेऱ्या दाखवणारं मीटर बंद असेल तर आधी ते दुरुस्त करा.

४५ एचपीचा ट्रॅक्टर ज्याच्याकडे नाही त्याने चारा जाळावा, असं सांगणं मला पटत नाही.

गॅरेजवाला, रोहा
ओव्हररनिंग क्लचने रेटा थांबतो, मान्य. पण तुमचा माळ कोरडा असतो आणि गवताची ओळ बारीक. हार्वेस्टरमागची भाताची ओळ जाड असते, मध्येच गुंडाळी झालेली असते. न्यूट्रल करायचं ते दिवसातून किती वेळा? संध्याकाळी दमलेला माणूस एकदा तरी चुकतोच.

शिवाय वजन बघा. ट्रॅक्टर पावणेदोन टनाच्या आसपास, बेलर दीड टनाच्या आतबाहेर. प्रत्येक ठोशाला ट्रॅक्टर पुढेमागे हलतो. शेत सपाट असलं तरी घरी येताना उतार असतोच, आणि तिथे मागचं यंत्र पुढच्याला ढकलतं.

अजून एक. खालच्या दोन लिंकमधल्या आडव्या पट्टीला बेलर जोडू नका. हायड्रॉलिक जरा खाली बसलं की पीटीओच्या दांड्याचा कोन बदलतो आणि त्याच्या सांध्यातले क्रॉस तुटतात. पक्का ड्रॉबार (ओढायची न हलणारी पट्टी) हवा, पीटीओच्या टोकापासून पिनेपर्यंत १४ इंच अंतर.

कुणगेवाली, कुडाळ
तुम्ही दोघंही यंत्राचंच बोलताय. आमच्याकडे कुणगे, म्हणजे भाताचे तुकडे, इतके लहान, की बेलर वळवायलाच जागा नाही. कापणी विळ्याने, मळणी झोडून. पेंढा पेंढ्यांमध्येच बांधलेला असतो, त्याची उडवी, म्हणजे उभी रास, रचतो. तो सोडून, ओळीत पसरून पुन्हा यंत्राने बांधायचा, यात मला काही अर्थ दिसत नाही. आंब्याची आढी घालायला लांब काडीच लागते, प्लंजरने मोडलेली चालत नाही.

पण खलाटीकर भाऊंना माझा खरा प्रश्न दमटपणाचा आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही भाड्याने बेलर आणून माळावरचं गवत बांधलं. परतीचा पाऊस होऊन गेला होता, वरून गवत वाळलेलं दिसत होतं. पंधरा दिवसांनी गठ्ठ्यात हात घातला तर आत गरम, वास आंबूस. म्हैस तोंड लावीना. निम्मे गठ्ठे खतात गेले. उडवीत वारा खेळतो, गठ्ठ्यात खेळत नाही. ओलावा वीस टक्क्यांच्या वर असेल तर बांधूच नये.

गवतवाला, वाडा
ताई, ओलाव्याचं तुमचं शंभर टक्के खरं. आम्ही सकाळी अकराच्या आधी यंत्र शेतात घालत नाही आणि चारनंतर काढून घेतो. मूठभर काडी पिळायची, कडकड मोडली तरच बांधायची. पण म्हणून बेलरच नको? पेणची खलाटी आणि कुडाळचे कुणगे यांना एकच नियम कसा लागेल?

कुणगेवाली, कुडाळ
एकच नियम नाही म्हणत मी. पण जुनाच ट्रॅक्टर वापरायचा असेल तर मिनी राउंड बेलर बघा. दोन फूट व्यासाचा गोल गठ्ठा. त्यात प्लंजर नाही, म्हणून ठोसे नाहीत. पस्तीसच्या आतला ट्रॅक्टरही तो चालवतो, मी पाहिलाय. ४५ एचपीच्या यंत्राला ३६ चा ट्रॅक्टर जुळवत बसण्यापेक्षा ट्रॅक्टरला जुळेल ते यंत्र घ्यावं.

गॅरेजवाला, रोहा
ताईंशी मी सहमत. फक्त गोल गठ्ठा बांधताना दर वेळी थांबावं लागतं आणि मागचं दार उघडायला हायड्रॉलिकचं बाहेरचं कनेक्शन लागतं. जुन्या ट्रॅक्टरला ते आहे का बघा.

खलाटीकर, पेण
सगळ्यांचं वाचलं, काल रात्री पुन्हा वाचलं. एचपीचा हिशेब करत बसलो होतो, क्लचचा विचारच केला नव्हता. बांधावरून गेलेल्या ट्रॅक्टरचं वाचून झोप लागली नाही, कारण माझा मुलगाच ट्रॅक्टर चालवणार आहे. मॅसीला हा बेलर जोडणार नाही, हे ठरलं. पण पेंढा जाळू द्यायचा नाही, हेही ठरलंय. चुलतभावाचा ४५ एचपीचा ड्युअल क्लचवाला ट्रॅक्टर आहे, नांगरणीनंतर उभाच असतो. बेलर अर्ध्या भागीत घ्यायचा का, असं त्याला विचारलंय. त्याची बायको तयार आहे, तो अजून नाही. मिनी राउंडची चौकशीही चालू ठेवतो.

रविवारी यंत्र बघायला जातोय. काय तपासू?

गवतवाला, वाडा
पिकअपचे, म्हणजे पेंढा उचलणाऱ्या भागाचे, दात मोजा. जांभ्याच्या दगडांवर चाललेलं यंत्र असेल तर निम्मे वाकलेले असतात.

गॅरेजवाला, रोहा
पीटीओचा दांडा काढून ठेवा. सुतळी ओवा, नॉटर (गाठ मारणारा भाग) हाताने सोडा आणि फ्लायव्हील हाताने फिरवून दोन्ही गाठी पूर्ण पडतात का बघा. नॉटरच्या चोचीवर गंज असेल तर सुतळी तिथेच अडकते. आपल्या खाऱ्या हवेत एक पावसाळा उघड्यावर राहिलेलं यंत्र असं लगेच ओळखू येतं. आणि त्या चोचीजवळ बोट नेताना दुसऱ्या कुणाचा हात फ्लायव्हीलवर नाही ना, ते आधी बघा.