दहशतवादी टोळीत शिरलेल्या हेराची कथा लिहितेय, खऱ्या घटना सुचवा

अवंती_मिरज

नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहायला घेतली आहे. नायक गुप्तचर खात्यातला, नाव बदलून एका दहशतवादी टोळीत शिरतो आणि आतून बातम्या पुरवतो. संपादकांनी कच्चा खर्डा वाचून एकच प्रश्न विचारला, 'याने दिलेल्या खबरीवर छापा पडला, की आत कोणीतरी फुटलंय हे टोळीला दुसऱ्याच दिवशी कळणार नाही का?' खऱ्या आयुष्यात हे कसं निभावतात? आणि असे लोक पकडले जातात ते कशामुळे? प्रत्यक्ष घडलेलं काही असेल तर सांगा.

जुना_वाचक

अवंतीताई, संपादकांनी नेमकी नस पकडली आहे. खबर वापरली तर आपला माणूस उघडा पडतो, नाही वापरली तर बाजारात माणसं मरतात. इराकच्या फाल्कन या गुप्तचर पथकाने यावर जी वाट काढली तिच्याइतकी विलक्षण गोष्ट मी तरी दुसरी वाचलेली नाही.

कॅप्टन हारिस अल-सुदानी. घराणं शिया, पण लहानपणी काही वर्षं रमादी या सुन्नीबहुल शहरात गेल्यामुळे तिथल्या सुन्नी बोलीचा हेल त्याच्या जिभेवर होता. धाकटा भाऊ मुनाफ त्याच पथकात होता, त्यानेच हारिसला तिथे आणलं. नमाजाची सुन्नी पद्धत, जिहादी गाणी, सगळं शिकून हारिस बगदादच्या उत्तरेला तर्मिया इथे सुन्नीपंथी आयसिसच्या गटात शिरला. नाव घेतलं अबू सुहैब.

बगदादच्या तपासणी नाक्यांमधून गाडी कशी काढायची हे त्याला ठाऊक, त्यामुळे स्फोटकांनी भरलेल्या गाड्या शहरात पोचवायचं काम त्याच्याकडे आलं. तो निघाला की पथकाला कळवायचा. वाटेत पथकाचे लोक गाडी गाठून स्फोटकं निकामी करायचे. आणि मग ठरलेल्या जागी खोटा स्फोट घडवायचे! इतके ठार, इतके जखमी अशी बातमीही पेरायचे. तिकडे आयसिसला वाटायचं, कामगिरी फत्ते. अशा रीतीने 30 गाडीबॉम्ब आणि 18 आत्मघातकी हल्लेखोर अडवले गेले, असं न्यू यॉर्क टाइम्सने 2018 मध्ये छापलं. तुमच्या संपादकांना हे सांगा.

आता पकडला कसा गेला ते. एकदा तो गुपचूप घरच्यांना भेटायला बगदादला गेला असताना म्होरक्याचा फोन आला, कुठे आहेस? त्याने भलतीच जागा सांगितली आणि ते खोटं निघालं. तेव्हापासून त्याच्यावर नजर होती. 31 डिसेंबर 2016 ला त्याला पांढरा किया ट्रक दिला, आत सुमारे 500 किलो स्फोटकं. नववर्षाच्या रात्री बगदाद अल-जदीदा भागातल्या बाजारात तो उडवायचा होता. हारिसने नेहमीप्रमाणे रस्ता बदलून ट्रक आपल्या माणसांकडे नेला, त्यांनी माल उतरवला, मध्यरात्रीनंतर खोटा स्फोटही झाला. पण या खेपेस आयसिसने ट्रकमध्ये दोन छुपे मायक्रोफोन बसवले होते. सगळं बोलणं त्यांनी ऐकलं.

जानेवारीत त्याला तर्मियातल्या एका शेतावरच्या घरी बोलावलं. संशय आलाय हे कळत असूनही तो गेला आणि परत आला नाही. मृतदेह मिळाला नाही, त्यामुळे वृत्तपत्रात हकिकत छापून आली तोवर घरच्यांच्या हाती मृत्यूचा दाखलासुद्धा नव्हता. इतकी माणसं वाचवणाऱ्याच्या घरच्यांना एका कागदासाठी असं ताटकळावं लागलं, याचा मला अजूनही राग येतो.

प्राची_देव

आत शिरायचं कसं, यासाठी स्पेनचा मिकेल लेहार्सा बघ. बास्क माणूस, 1973 ते 75 ईटीए या स्वतंत्र बास्क देशासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेत होता, हुकूमशहा फ्रँकोच्या गुप्तचर खात्यासाठी. खात्याने दिलेलं टोपणनाव लोबो, म्हणजे लांडगा. संघटनेत त्याच्याकडे काम आलं लपायला घरं बघण्याचं. माद्रिद-बार्सिलोनातली जी घरं त्याने मिळवून दिली त्यांची खबर खात्याला आधीच! दीडशेच्या आसपास लोक पकडले गेले. नंतर ईटीएने त्याच्या फोटोची पोस्टर्स लावली, आणि त्याला प्लास्टिक सर्जरी करून चेहरा बदलावा लागला. म्हणून तुझ्या नायकाला बंदुकीऐवजी घराच्या किल्ल्या दे. टोळीला रोज लागणारं काम जो करतो त्याच्यावाचून तिचं अडतं.

रानवाट

दोन्ही उदाहरणं चांगली, पण दोन्हींत नायक स्वच्छ राहतो. बेलफास्टचा 'स्टेकनाइफ' विसरू नका. आयआरएमध्ये, म्हणजे उत्तर आयर्लंडमधून ब्रिटिशांना हुसकायला लढणाऱ्या सशस्त्र संघटनेत, फितुरांना हुडकून, कबुली घेऊन ठार मारणारं एक अंतर्गत पथक होतं. त्याच पथकात ब्रिटिश लष्कराचा हा खबऱ्या. 2003 मध्ये वर्तमानपत्रांनी फ्रेडी स्कॅपाटिची हे नाव छापलं, त्याने मरेपर्यंत इन्कार केला. या प्रकरणाच्या 'केनोव्हा' नावाच्या पोलीस चौकशीच्या मार्च 2024 मधल्या अंतरिम अहवालानुसार या खबऱ्यामुळे जितके जीव वाचले त्याहून जास्त बहुधा गेले. शेकडो जीव वाचवल्याचे दावे त्या अहवालाने फेटाळले. खबऱ्या टिकावा म्हणून किती खून होऊ द्यायचे, हे ऑफिसात बसून कोणीतरी ठरवत होतं. मला तो ऑफिसातला माणूस कथेत हवा.

अवंती_मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार. खोट्या स्फोटाचं वाचून अंगावर काटा आला. काका, कथा मुंबईत आणली तर चालेल? 26/11 च्या कटातल्या डेव्हिड हेडलीच्या अंगाने?

जुना_वाचक

चालेल, पण तिथे गोष्ट उलटी फिरते हे ध्यानात ठेवा. हेडली आधी अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्या होता, मग लष्कर-ए-तय्यबाच्या तळांवर शिकून आला. 2006 मध्ये दाऊद गिलानी हे नाव बदललं आणि ताडदेवच्या एसी मार्केटमध्ये इमिग्रेशनचं ऑफिस थाटून मुंबईची पाहणी केली. इथे आपणच ते शहर, ज्यात कोणीतरी शिरलं. शिकागोत 35 वर्षांची शिक्षा झाली, पण आपल्या हाती तो आलेला नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईच्या कोर्टापुढे साक्ष दिली तीही व्हिडिओवरून. ते लिहायचं तर वेगळी कथा लिहा, या कथेत कोंबू नका.

रानवाट म्हणतात त्या ऑफिसातल्या माणसाचं मात्र नक्की करा. त्याला नायकाचा भाऊ केलंत तर? शेतावर जाऊ द्यायचं की नाही, हे त्याच्या तोंडून येऊ द्या.

अवंती_मिरज

भाऊच करते. मग शेवटचं प्रकरण अख्खं बदलावं लागेल, कारण आत्ता तिथे नायक घरी परततो. संपादकांकडे आठवडाभराची मुदत मागते.