मदत हवी आहे: बोटीच्या कॅप्टन खुर्चीचे बोल्ट उपटले, खुर्चीच्या बुडाला भेग गेली

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. १९ फुटी फायबरची बोट, आउटबोर्ड इंजिन, वापर मांडवा-रेवस पट्ट्यात. सुकाणूमागची खुर्ची एका पेडेस्टलवर (डेकला बसवलेल्या खांबावर) फिरते. तिचं बूड प्लास्टिकचं (खाली पीई असा शिक्का आहे), सुमारे ५ मिमी जाड. फिरत्या प्लेटचे चार बोल्ट प्लास्टिकात बसवलेल्या पितळी नटांमध्ये जातात. मागचे दोन नट उपटून बाहेर आलेत आणि त्यांच्यामधून बोटभर लांबीची भेग पुढे गेली आहे. पुढे झुकलं की खुर्ची मागून उचलते. अ‍ॅरल्डाइट भरून नट परत बसवले तर चालेल का? की पूर्ण खुर्ची बदलावी? गादी आणि पाठ उत्तम स्थितीत आहेत.

फायबरवाला:
खुर्ची टाकू नका, पण अ‍ॅरल्डाइटचा नाद सोडा. पीई म्हणजे पॉलिइथिलीन. त्याला इपॉक्सी, एम-सील, फेव्हिक्विक काहीच धरत नाही. सुकल्यावर घट्ट वाटतं आणि पहिल्या जोरदार लाटेला अख्खा गोळा नटासकट निघून येतो. गरम हवेने प्लास्टिक वेल्डिंग होतं, पण वेल्ड केलेल्या जागेवर भार टाकू नये.

नट का उपटले ते आधी पाहू. लाटेवर बोट आपटते तेव्हा बसलेल्या माणसाचं वजन पुढे जातं आणि मागचे दोन बोल्ट वर ओढले जातात. तो सगळा ताण नटाभोवतीच्या रुपयाएवढ्या प्लास्टिकवर येतो. दुसरं कारण आपल्याकडे हमखास दिसतं. या खुर्च्यांचे नट बहुधा पाव इंची असतात, इंचाला २० आटे. दुकानात एम६ (६ मिमीचा मेट्रिक बोल्ट) मिळतो, तो दिसायला तसाच, पण त्याच्या आट्यांचं अंतर १ मिमी आणि पाव इंचीचं १.२७ मिमी. दोन फेरे जातो, मग अडतो. तिथे पाना लावून पिळला की नट जागेवरच फिरायला लागतो आणि प्लास्टिक सुटतं. एक बोल्ट काढून आटे बघा.

दुरुस्तीत नट पूर्ण वगळा आणि बोल्ट आरपार घ्या. खाली, प्लास्टिक आणि फिरती प्लेट यांच्यामध्ये, १२ मिमी मरीन प्लायचा ३०० × ३०० मिमी तुकडा. प्लायवर आयएस ७१० शिक्का हवा. आयएस ३०३ चा साधा प्लाय एका पावसाळ्यात फुगतो. वर, गादीखाली, ३ मिमी अ‍ॅल्युमिनियमची २०० × २०० प्लेट. वरची प्लेट उपटण्याचा जोर पसरवते, खालचा प्लाय पुढच्या कडेचा दाब घेतो. दोन्ही लागतात. दोन्हींचे कोपरे गोल करा, टोकदार कोपऱ्यातून नवी भेग सुरू होते.

भेगेच्या टोकाला ४ मिमीचं भोक पाडा म्हणजे ती पुढे सरकणार नाही. टोक नीट दिसत नसेल तर मार्करची शाई फासून पुसा, भेगेत राहिलेली शाई टोक दाखवते.

प्लायची भोकं आधी १० मिमीची पाडा, सिलिकाची पूड मिसळून घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरा, सुकल्यावर ६.५ मिमीचं ड्रिल चालवा. म्हणजे बोल्टच्या वाटेने पाणी लाकडात जाणार नाही. मग सगळीकडून इपॉक्सीचे तीन हात, कडांना सगळ्यात जास्त. पाणी तिथूनच शिरतं.

खाडीकाठ:
खूप धन्यवाद! बोल्ट कोणते, किती लांब? भोकांचं अंतर १२७ मिमी भरलं.

फायबरवाला:
१२७ म्हणजे पाच इंच, नेहमीचंच माप. एम६, ३५ मिमी, स्टेनलेस ३१६ (खाऱ्या पाण्यात टिकणारं). हिशोब असा: वरची प्लेट ३, बूड ५, प्लाय १२, फिरती प्लेट ३, दोन वॉशर मिळून ३, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा) ६. झाले ३२, म्हणजे ३ मिमी आटे बाहेर. खुर्ची पूर्ण फिरवून बघा, आटे खालच्या प्लेटला घासत असतील तर तेवढे कापा. डोकं वर, नट खाली.

स्टेनलेसचा नट कोरडा आणि मशीनने आवळला तर अर्ध्यात जाम होतो, मग कापूनच काढावा लागतो. आट्यांना ग्रीस लावा आणि हातपान्याने हळू आवळा. वॉशर फिरायचा थांबला की पाव फेरा, बास. जास्त आवळलं तर प्लास्टिक हळूहळू दबतं आणि बोल्ट पुन्हा सैल होतात. महिन्याभराने एकदा तपासा. स्टेनलेसचं डोकं आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर घाला. खाऱ्या पाण्यात दोन धातू थेट टेकले की अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं.

वल्हव:
वरचं सगळं बरोबर, पण पेडेस्टलचा पाया तपासल्याशिवाय खुर्ची चढवू नका. एकाने खुर्ची मागेपुढे हलवावी, दुसऱ्याने डेकपाशी डोळा नेऊन हालचाल नेमकी कुठे होते ते पाहावं. पायाभोवती स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आतलं लाकूड कुजलंय.

खाडीकाठ:
पाहिलं. आवाज टणक आहे, पण पायाच्या सहापैकी दोन स्क्रू नुसते फिरतात.

वल्हव:
मग लाकूड वाचलंय, भोकं झिजलीत. खालून हात पोहोचत असेल तर सहाही जागी आरपार बोल्ट आणि खाली ६ मिमी अ‍ॅल्युमिनियमची प्लेट. पोहोचत नसेल तर भोकं मोठी करून दोन दिवस उघडी वाळवा, घट्ट इपॉक्सी भरा आणि नव्याने पाडा. पायाखाली पॉलियुरेथेन सीलंट लावा, सिलिकॉन नको.

ड्रिल लावण्याआधी पेट्रोलची टाकी कुठे आहे ते पक्कं करा. अनेक बोटींत ती नेमकी याच डेकखाली असते. ड्रिलच्या पात्याला हव्या त्या खोलीवर चिकटपट्टी गुंडाळा आणि खाली पेट्रोलचा वास येत असेल तर मशीन सुरूच करू नका. खुर्ची पक्की होईपर्यंत बोट काढायचीच झाली तर उभं राहून, हळू, आणि इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला अडकवूनच चालवा.